वहिनीच्या नावापुढची खूण

सकाळी डबे भरताना वहिनीने सहज विचारावं तसं विचारलं, "काय हो वन्सं, माणसं शोधायचं काम ना तुमचं? मग सांगा बघू, माझं काय चुकतं?" थट्टेत आली की ती धाकट्या नणंदेला अहोजाहो करायची.

नणंदेच्या हातातलं झाकण ओट्यावर पडलं.

वहिनी पुलांचे आराखडे काढायची. गेली दोन वर्षं अर्ज करत होती आणि एकाही ठिकाणाहून साधा फोन नाही. "येत होतं तेही विसरले की काय, असं वाटतं गं," ती म्हणाली. विसरली म्हणे! तिच्या कामाला तोड नव्हती, आणि हे नणंदेइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारण नणंदेचं कामच ते. नेटवर हुशार माणसं हेरायची, त्यांनी अर्ज करण्याआधीच यादीत घालायची आणि पुढे लक्ष ठेवायचं. बायकांसाठी यादीत एक जादा रकाना होता. लग्नाचा फोटो दिसला, बाळाची चाहूल लागली, की नावापुढे लाल खूण: 'थांबा'. रीतच होती ती. खूण लावणाऱ्याही बहुतेक बायकाच, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ही यादी बारा कंपन्यांकडे जायची, आणि खूण असलेल्या बाईला तिथून कुणी फोन करत नसे.

दोन वर्षांपूर्वी दादाने इवल्याशा मोज्यांचा फोटो टाकला. आत्या होणार या आनंदात, हाताच्या सवयीने, नणंदेने वहिनीच्या नावापुढे खूण केली आणि विसरून गेली. पाचव्या महिन्यात बाळ गेलं. खूण तशीच राहिली. गेल्या आठवड्यात ती नजरेस पडली, तेव्हापासून नणंद वहिनीची नजर टाळत होती. वहिनीला कळलं तर?

त्या दिवशी नेमकं साहेबांनी विचारलं, "पुलाच्या कामाला ही बाई हवी होती. थांबाची खूण कुणी लावली?"

"मी."

"मग काढ की. फक्त कारण लिही."

तिने रकाना उघडला. काय लिहायचं? बाळ राहिलं नाही, आता अडचण नाही? तिने रकाना बंद केला. साहेब पाठीमागे उभे होते.

"मला हे लिहिता येणार नाही," ती म्हणाली. "ही खूणच नको, साहेब. कुणालाच नको."

"चारशे बायका आहेत यादीत. सगळ्यांची काढू?"

"काढा."

साहेब हसले. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले.

घरी येऊन तिने वहिनीला सगळं सांगितलं.

"दोन वर्षं मी स्वतःलाच बोल लावत होते," वहिनी म्हणाली. "आणि तू रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतीस."

नणंदेने सकाळचा डबा ओट्यावर ठेवला.

"बाकीच्या बायकांना माहीत आहे?"

"नाही."

वहिनीने फोन उचलून तिच्यापुढे ठेवला. नणंदेला नावं आठवत होती, आणि माणूस शोधून काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पहिला नंबर लागला. पलीकडे तान्हं मूल रडत होतं.

"कोण बोलतंय?" एका बाईने विचारलं.

वहिनी समोर बसून तिच्याकडे बघत होती.

"तुम्हाला काम का मिळत नाही, ते मला माहीत आहे," नणंद म्हणाली. "ते मी केलंय."