ल्यूडीने भरलेली जागा

या, जरा जवळ सरका. पंख्याने वारा घेत बसा हवं तर, पण कान इकडे द्या. आमच्या ल्यूडी टॅलिफेरोची गोष्ट सांगते. देवाच्या घरात घडलेली आहे, म्हणून एक अक्षरही वाढवणार नाही. फार तर अर्धं.

त्या काळी आमचा सगळ्या बायकांचा बँड बसने अख्ख्या मिसिसिपी राज्यात नाचाचे कार्यक्रम करत हिंडायचा. मी सॅक्सोफोन वाजवायचे, ल्यूडी ट्रॉम्बोन, तो लांब नळी पुढेमागे सरकवायचा पितळी बाजा. तिचे वडील पाळक. आणि त्यांचं प्रवचन! बोलता बोलता सुरात शिरायचे आणि मग थेट गाऊ लागायचे. त्यासाठी मी तळलेली कोंबडीसुद्धा सोडली असती.

त्यांनी निरोप धाडला होता, 'रविवारी चर्चला ये. त्यानंतर घरीच राहायचं. बँड पुरे.'

"भर सभेत विचारतील गं," ल्यूडी बसमध्ये नाक पुसत म्हणाली. "तिथे वडिलांना नाही म्हणायची माझी छाती नाही."

"मग ट्रॉम्बोन कशाला घेतेस बरोबर?"

"बसला कुलूप आहे का आपल्या?"

रेव्हरंडनी, म्हणजे ल्यूडीच्या वडिलांनी, त्या दिवशी बायबलातल्या उधळ्या पुत्राची कथा घेतली, घर सोडून सगळं उडवणाऱ्या आणि शेवटी बापाकडे परतणाऱ्या पोराची. "तो दूर देशी गेलाऽऽ," त्यांनी सूर लावला, "आणि डुकरांत राहिलाऽऽ!"

"डुकरं म्हणजे आपण का गं?" आमची ढोलवाली क्लिओटा कुजबुजली.

रेव्हरंड श्वासाला थांबले. एरवी तिथे सगळं चर्च 'आमेन' म्हणतं. पण आज बाप लेकीवर चिडलेला, कोण तोंड उघडणार? जागा रिकामीच राहिली. आणि आमच्या बँडचा कडक नियम असा, की गाणाऱ्याने श्वास घेतला की मधली जागा भरायची. ल्यूडीचा ट्रॉम्बोन आपसूक ओठांना लागला.

व्वाऽऽऊं!



"ल्यूडीऽऽ," रेव्हरंड गरजले, पण सुरातच, "खाली ठेव तेऽऽ!" आणि पुन्हा श्वासाला थांबले.

पोरीने तीही जागा भरली. उद्धटपणा नव्हता हो, सवय!

"बाप सांगतोऽऽ, खाली ठेवऽऽ!"

ट्रॉम्बोन कळवळून उत्तरला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या, चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मदर झेनोबिया भल्यामोठ्या हॅटसकट उठल्या. "आमेन! थांबू नका, रेव्हरंड, चढवा अजून!"

मग काय! बाप गातोय, लेक उत्तर देतेय, सभा टाळ्या पिटतेय. उधळ्या पुत्राला बघून म्हातारा बाप धावला, तेव्हा ट्रॉम्बोनही त्याच्यामागे धावला. क्लिओटाने बाकच बडवून काढला.

नंतर पायरीवर रेव्हरंड मान पुसत उभे होते.

"पापा, मी..."

"गप्प. पुढचा कार्यक्रम कुठे?"

"ग्रीनवूडला. पण तुम्ही म्हणालात, घरी राहा."

"घरी राहिलीस तर दर रविवारी माझ्या प्रवचनात तोंड घालशील! आत्ता मदर झेनोबिया काय म्हणाल्या ठाऊक आहे? प्रवचन फार छान झालं म्हणे. तुझं!" त्यांनी रुमालाची घडी केली, पुन्हा उलगडली. "जा. पण रविवार उजाडेल तिथल्या चर्चमध्ये जायचं. आणि तिथल्या पाळकाला जरा श्वास घेऊ द्यायचा."

ल्यूडीने त्यांच्या गळ्यात मिठी मारली ती ट्रॉम्बोनसकट. रेव्हरंडची टोपी पार रस्त्यावर गेली.

आता एवढंच करा. आज प्रार्थनेला गुडघे टेकाल, तेव्हा मदर झेनोबियांची आठवण काढा. सगळे जिभा गिळून बसले होते, तेव्हा पहिलं आमेन त्यांनी म्हटलं.