खालून वर जाणारा पडदा

शालूबाईंचा यात फायदा काय होता, ते आधी बघू. थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं. साड्या झाल्या, भांडी झाली, राहिले ब्लाउज. बाजारातल्या टेलरला माप द्यायचं तर तो पुरुष, ते त्यांच्या यजमानांना खपायचं नाही. नुसता जुना ब्लाउज मापाला धाडला, तर तो जुन्या चुकांसकट नवा होऊन परत यायचा. खैरुनबी मात्र बाई होती, गल्लीतच राहायची, अंगावर घालून बघून टाका इकडचा तिकडे करून द्यायची, आणि माप होईस्तोवर चार घरांच्या बातम्याही कानावर पडायच्या. एवढं सगळं एका जागी मिळत असताना आडवी येत होती ती फक्त खिडकी. आणि खिडकी खैरुनबीची, म्हणजे तिची तजवीजही खैरुनबीनंच करायची, हे शालूबाईंनी मनाशी ठरवून टाकलं.

खैरुनबीची खोली रस्त्याला लागून. तीन बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, चौथ्या बाजूला दार आणि ती खिडकी. मध्ये दोन सायकली जेमतेम एकमेकींना ओलांडतील एवढी गल्ली आणि पलीकडे तालीम. तालमीचा कट्टा अगदी खिडकीसमोर. मेहनत करून आलेले पैलवान तिथं घाम वाळवत बसायचे. कट्ट्याला लागून तालमीचं मोकळं आवार, त्याची भिंत कमरेएवढी. दुपारनंतरचं ऊन त्या भिंतीवरून यायचं ते थेट शिलाई मशीनवर.

ते ऊन म्हणजे खैरुनबीचं भांडवल. घरमालक दिवसा मेन स्विच पाडून ठेवायचा. दिवेलागणीशिवाय वीज नाही. नवरा मौलाली टांगा हाकायचा. पण स्टँडवर रिक्षा आल्यापासून टांग्यात बसायला ज्यांना कुठंच वेळेवर पोचायचं नाही अशीच माणसं उरली होती. घर चालायचं ते मशीनवर. आणि चाळिशी ओलांडल्यावर तिच्या डोळ्यांनी एक अट घातली होती: काळ्या कापडावर काळा टाका हवा असेल तर ऊन पाहिजे.

माप घ्यायच्या वेळी ती खिडकीची दारं लोटून घ्यायची आणि चाचपून टाचण्या लावायची. शालूबाईंना दोनदा टाचणी टोचली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या की अंधारात हे जमायचं नाही, आणि दार उघडं ठेवून त्या पैलवानांसमोर तर मुळीच नाही. खालचं झाका, वरचं उघडं ठेवा, सोपं आहे. सांगून त्या चहा पिऊन गेल्या.

सोपं नव्हतं. स्प्रिंगवर अर्धा पडदा कायमचा ताणला तर मशीनचा पाटा अंधारात जाणार, कारण पाट्यावरचं ऊन खालच्याच अर्ध्यातून यायचं. वरून सोडायचा पडदा तर आधी उजेडच खातो. तिला हवा होता तो एरवी चौकटीच्या तळाशी निजून राहणारा आणि बाई मापाला उभी राहिली की खांद्यापर्यंत उठणारा पडदा. असा पडदा बाजारात नव्हता. असता तरी कुणी मागितला नसता.

तिनं तो केला. अस्तराचे उरलेले तुकडे जोडले: गुलाबी, मोरपंखी, हळदी, जो असेल तो. खालची कड चौकटीला बारीक खिळ्यांनी ठोकली, वरच्या कडेत बांबूची काठी घातली. काठीच्या दोन्ही टोकांना दोऱ्या बांधल्या. त्या दोऱ्या वर चौकटीला ठोकलेल्या दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवरून फिरवून मशीनजवळच्या गजाला आणल्या. रिळं ठोकायचं काम मौलालीचं. दोऱ्या हातात घेऊन त्यानं ओढून बघितलं. पडदा डुलत डुलत वर आला.

"घोड्यापरीस बरं हाय," तो म्हणाला. "वडलं की येतं तरी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शालूबाई मापाला आल्या. खैरुनबीनं दोरी ओढली. खोलीत वरून उजेड, खाली आडोसा; शालूबाईंना एकही टाचणी टोचली नाही. खोलीतल्या खोलीत सगळं नीट झालं. खोलीबाहेर काय झालं, ते मात्र कुणी मोजलं नव्हतं.

तालमीत एक शिस्त होती. हंबीरराव वस्तादांनी ती घालून दिलेली: कट्ट्यावर बसायचं तर नजर खाली. लंगोटाच्या शपथेइतकीच ती कडक होती. इतकी वर्षं त्या खिडकीकडे कुणी बघितलं नव्हतं, कारण बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. एक बाई मशीन चालवतेय. पण सात रंगांचं कापड गजांमागून हळूहळू वर सरकायला लागलं तर ब्रह्मचारीसुद्धा मान वर करणारच. सगळ्यांनी केली. आणि पिराजी, जो कुस्तीपेक्षा तोंडानं जास्त जिंकायचा, तो मोठ्यानं म्हणाला, "नाटकात पडदा वर गेला की खेळ दिसतोय. हितं वर गेला की बंद."

कट्टा हसला. आत शालूबाईंनी पदर सावरला. आणि मागं उभ्या हंबीररावांच्या कानावर ते हसणं पडलं.

वस्ताद त्याच रात्री मौलालीच्या दारात आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मौलाली लहानपणी त्याच तालमीच्या मातीत लोळलेला; मोहरमला तालमीत पीराचा पंजा बसला की पहिला ऊद त्याच्या हातचा असायचा. वस्तादांनी पिराजीकडून शंभर जोर काढून घेतले असं सांगितलं. मग पडद्याकडे बोट करून विचारलं की आमची पोरं बघत्यात म्हणून हे लावलं का. खैरुनबी नाही म्हणाली. गिऱ्हाइकासाठी लावलं, म्हणाली. ते खरंच होतं, पण वस्तादांना ते पटेना. त्यांच्या हिशेबी त्या पडद्यानं गल्लीला जाहीर सांगितलं होतं की तालमीची नजर वाईट आहे.

दोन दिवसांत तालमीनं जबाब दिला. कट्ट्यापुढं आणि आवाराच्या भिंतीवर बांबूचे तट्टे उभे राहिले, थेट कौलापर्यंत. खर्च तालमीचा, मेहनत पैलवानांची. नारळ फोडला. वस्तादांनी खोबऱ्याचा तुकडा मौलालीच्या हातावर ठेवला आणि सांगितलं की आता वैनींनी पडदा लावू दे न्हायतर न लावू दे, तालमीकडनं कुणाची नजर जायची न्हाय. मौलालीनं खोबरं डोळ्याला लावलं. एवढा मान गल्लीत कुणाच्या बायकोला मिळाला नव्हता.

नजर गेली नाही आणि ऊनही आलं नाही. दुपारी खोलीत पावसाळ्यासारखा काळोख. खैरुनबी मशीन दारात ओढायची, तर जाणाऱ्या सायकलीचं हँडल तिच्या कोपराला लागायचं. परत आत ओढायची. संध्याकाळी डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडून राहायची. मौलालीला ती तट्ट्यांबद्दल एकदाच बोलली. तो म्हणाला, कुठल्या तोंडानं सांगू? तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग शालूबाई एक ब्लाउज घेऊन परत आल्या. गडद हिरवा, त्याची एक बाही गडद निळी होती. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अंगणात नेल्यावर नवरी रडायला लागली. खैरुनबीनं ती बाही बराच वेळ डोळ्यांजवळ धरली. शालूबाई म्हणाल्या की तुझं वय झालं असेल तर स्पष्ट सांग, बाकीचं कापड मी घेऊन जाते, मग टेलर तर टेलर. खैरुनबीनं आठ दिवस मागून घेतले आणि वस्तादांना एक शब्द सांगाल का असं विचारलं. तुमच्या पडद्यावरूनच झालं ना सगळं, असं ती म्हणाली नाही. शालूबाईंनी तालमीच्या लोकांशी आपण बोलत नाही असं सांगितलं, आणि बाही ताबडतोब बदलून पाहिजे म्हणून बजावलं.

तेव्हा ती स्वतः गेली. तालमीची पायरी बाईमाणूस चढत नाही, म्हणून खालीच उभी राहिली. वस्ताद बदामाचं वाटण खलत बसले होते. तिला बघून उठले.

"वस्ताद, तट्टे काढा."

"कोण काय बोललं?"

"कोण न्हाय बोललं. उजेड न्हाय."

वस्तादांनी तट्ट्याकडं बघितलं, तिच्या खिडकीकडं बघितलं. ते लबाड नव्हते. त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"इज्जत म्हटली की थोडं सोसाय लागतंय, वैनी."

"इज्जत तुमची हाय. सोसाय मी लागलोय व्हय?"

वस्ताद पायरीच्या कडेपर्यंत आले. मग हळू आवाजात म्हणाले, "आता काढलं तर लोक म्हणणार, पोरास्नी परत बघायचंय. तुमीच सांगा, म्हणणार का न्हाय?"

म्हणणार होते. खैरुनबीलाही ते माहीत होतं. याच गल्लीत तिचा जन्म गेला होता.

शेवटी तोड वस्तादांनीच काढली, आणि त्यांच्या परीनं ती फार मोठी होती. दुपारी तालीम रिकामी असते. मागच्या दारानं वैनींनी आवारात येऊन बसावं. ऊन तिथंच आहे. आजवर आवारात बाई बसलेली नव्हती; बसली तर बोलणाऱ्याला वस्ताद बघून घेतील. खैरुनबीला हसू आलं, पण हसायला अंगात त्राण नव्हतं. ती बरं म्हणाली.

मशीन काही रोज गल्ली ओलांडणारं नव्हतं, म्हणून तेव्हापासून मशीनचं काम ती घरात अंधारात चाचपून करायची, आणि काज, हुक, तुरपाई घेऊन तालमीच्या आवारात तट्ट्याला पाठ लावून बसायची. कुणी पैलवान वेळेआधी आला तर लांबूनच खोकायचा आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. ज्यांच्या नजरेपासून तिला झाकलं होतं, त्यांच्याच अंगणात तिचा दिवस जायला लागला. शालूबाई काही तालमीत येणार नव्हत्या. त्या दारात आल्या की मौलालीनं हाक मारायची, खैरुनबीनं उठून गल्ली ओलांडायची, अंधारात माप बघायचं, परत जायचं. टाचण्या पुन्हा टोचायला लागल्या. पडदा कुणी वर ओढेना. झाकायलाच काही उरलं नव्हतं.

लग्न पार पडलं. आता मिळालं कुणाला काय आणि भरलं कुणी, ते बघू. शालूबाईंना ब्लाउज मिळाले, वेळेवर आणि अंगाबरोबर बेतलेले. आडोशाचा विचार पहिल्यांदा आपल्याच डोक्यात आला, हे मांडवात सांगायलाही मिळालं. वस्तादांना नाव मिळालं. दुसरी एक तालीम येऊन तट्टे बघून गेली. मौलालीचा ऊदाचा मान शाबूत राहिला. पिराजीनं शंभर जोर भरले, आणि आवारात बाई बसायला लागल्यानं तिथली दुपारची झोपही भरली. तो आता टांग्याखाली निजतो. निळ्या बाहीच्या जागी हिरवी आली, तिचं कापड खैरुनबीनं आपल्या ईदच्या कुडत्यातून काढलं. पडद्याचं अस्तर तिचं, उसवलेले टाके तिचे, गल्लीतल्या खेपा तिच्या, आणि संध्याकाळी ओल्या फडक्याखाली ठणकणारे डोळेही तिचेच.