निलंग्याचा अर्धा उजेड

मी एक जुना दिवा आहे. निलंग्यात सलीमभाईंच्या फोटो स्टुडिओत, पडद्यामागे पडून असतो. मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. पण मित्रांनो, मला राग आला आहे आणि तो गिळवत नाही.

लातूरच्या एका पत्रेवाल्याने माझी टोपी आणि दोन झापडं घडवली. बहात्तरच्या दुष्काळात सलीमभाईंना दुसरा दिवा परवडेना, म्हणून माझ्या एकट्यावरच फोटो निघत. काळेपांढरे गुन्ह्यांचे चित्रपट त्यांनी जीव लावून पाहिले होते. एक झापड मिटलं की गिऱ्हाइकाचा अर्धा चेहरा उजळे, अर्धा अंधारात बुडे. समोर धरलेल्या लाकडी झडपेच्या पट्ट्यांच्या सावल्या मागच्या भिंतीवर पडत. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेला माणूसही त्यात कुणीतरी मोठा, मनात काही राखून असलेला दिसे.

"भाई, मी तर फौजदार दिसायलो," शेषेराव हमाल म्हणाला होता. मी सुखावलो होतो.

पुढे लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या वाढल्या, ओळखपत्रं आली. स्टुडिओत चार ट्यूबलाइट लागल्या. सावली म्हणजे चूक ठरली आणि मी पडद्यामागे गेलो.

तेव्हा नागुबाई आपल्या लेकीला, पंचशीलाला घेऊन आल्या. ती नव्या कचेरीत टायपिस्ट होती. स्थळाकडे फोटो पाठवायचा होता.

"भाऊ, पोरगी काळी हाय. जरा उजळ काढा."

सलीमभाईंनी पावडर लावायला दिली, चारी ट्यूब लावल्या, वर चेहरा गोरा छापला जावा म्हणून निगेटिव्हवर पेन्सिलही फिरवली. माझा राग त्यांच्यावरच आहे. अंधाराची इज्जत मला ज्यांनी शिकवली, त्यांनीच एका मुलीचा रंग डागासारखा काढून टाकला.

फोटो न्यायला आल्यावर पंचशीलाने तो बराच वेळ पाहिला.

"भाई, ही कोण?"

"तूच की, बेटी."

"न्हाई. हिला पसंत केलं तर लग्न बी हिच्याशीच लावा."

नागुबाई चिडल्या. "काळा फोटो परत आला, मग कळंल."

"येऊ दे, आय. मांडवातून मी परत येण्यापरीस बरं."

तिने फोटो फाडला आणि भिंतीवरच्या, माझ्या उजेडात काढलेल्या जुन्या फोटोंकडे बोट केलं. "असा काढा."

सलीमभाईंनी एकेक ट्यूब बंद करून मला बाहेर ओढलं. माझ्या उजेडात तिचा काळा रंग खोल, तुकतुकीत दिसला. उजेडातला एक डोळा समोर रोखलेला होता.

"निम्मं तोंड दिसतच न्हाई," नागुबाई पुटपुटल्या.

"दिसतंय तेवढं माझं हाय," ती म्हणाली. तोच फोटो पाकिटात गेला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, कुरतडलेली वायर बदला. माणसाच्या चेहऱ्यावरची सावली मात्र पुसू नका. तिच्यात गुन्हेगार लपलेला नसतो. तो पावडरीचा डबा घेऊन उजेडात उभा असतो.