उलटं बसवलेलं फ्लायव्हील

क्लच शुक्रवारी परत येताना गेला आणि सोमवारी झोराइडाचं डायलिसिस होतं. मधे फक्त दोन दिवस.

झोराइडा माझी मोठी बहीण. तिच्या दोन्ही किडन्या बसल्यापासून आठवड्यातून तीनदा मी तिला बेचाळीस किलोमीटरवरच्या इस्पितळात नेतो. सरकारी गाडी घरापर्यंत येईल असा कागद आमच्याकडे आहे. त्यावर शिक्का आहे, सही आहे. गाडी काही कुणी पाहिलेली नाही. म्हणून माझी एकावन्न सालची प्लायमाउथ. पत्रा अमेरिकेचा, गिअरबॉक्स रशियन जीपचा, डिझेल इंजिन एका कोरियन व्हॅनचं. त्या इंजिनाचं फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर दाबून बसतो ते जड चाक, दोन तुकड्यांचं होतं, मधे स्प्रिंगा. स्प्रिंगांचा चुरा झाला आणि क्लच प्लेटही घेऊन गेला.

एवेलिओ उस्तादांनी तो चुरा तळहातावर घेऊन वास घेतला. उस्ताद चाळीस वर्षं साखर कारखान्यात टर्नर होते. कारखाना बंद पडला तेव्हा लेथ मशीन बैलगाडीवर घालून घरी आणणारा हा माणूस.

"असलं परत मिळणार नाही. एकसंध चाक बसवावं लागेल. रशियन कारचं लावू?"

"लावा."

"लावा म्हणे! डिझेलचा जोर आहे लेका, चढावर प्लेट घसरत बसेल. ट्रकचं लावलं तर क्लचभोवतीच्या घंटेच्या आवरणात मावत नाही."

"मग?"

उस्तादांनी अंगणाच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे कारखान्यातल्या उसाच्या चरकाजवळचं पट्ट्याचं चाक पडलं होतं, लेथबरोबर आलेलं. भंगारात गेलं नाही, कारण पुन्हा हात लावायला कुणी तयार झालं नाही.

त्या चाकानं उल्पियानोला ओढलं होतं. तेल घालायचं काम त्याचं. हंगाम संपला की त्याचं आणि झोराइडाचं लग्न ठरलेलं. बाही पट्ट्यात अडकली, आणि चाक फिरवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह माझ्या हातात होता. वरच्या कठड्यावरून व्यवस्थापक ओरडला, "चालू ठेव! रस आंबेल!" मी चालू ठेवला. अकरा मिनिटं. त्या माणसाला पुढे पदक मिळालं, कोटा पूर्ण केल्याबद्दल. उल्पियानोला आम्ही चादरीत गोळा केला. आणि मी? मला दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला बोलावलं, आणि मी गेलो.

"दुसरं लोखंड नाही?" मी विचारलं.

"एवढ्या जाडीचं ओतीव पोलाद या गावात दुसरं नाही. पण ऐक. यावर बाण आहे बघ, फिरायच्या दिशेचा. कारखान्याचं लोखंड बाणाच्या दिशेनंच फिरवायचं. आमचा नियम आहे. आणि बाणाची बाजू क्लचकडे ठेवावी तर तिकडे ओतकामाची छिद्रं आहेत. प्लेट थडथड करील. छिद्रं जाईपर्यंत तासलं तर चाक पातळ होतं, कधी फुटेल सांगता येत नाही. चांगली बाजू मागची."

"मग मागची तासा."

"म्हणजे बाण इंजिनाकडे. चाक उलटं फिरणार."

"उस्ताद, मला सोमवारी बहिणीला पोचवायचं आहे. बाण चुलीत घाला."

उस्तादांनी कपाळाला हात लावला, छातीवर क्रॉसची खूण केली आणि लेथ चालू केलं.

सोमवारी गाडी लोण्यासारखी निघाली. गिअर बोटानं पडत होता. फक्त मळी करपल्याचा वास येत होता. आमच्या गावात वीस वर्षांत मळी शिजलेली नाही.

इस्पितळात आधी वजन करतात. अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळतं. झोराइडा नेहमी अडीच किलो जास्त भरायची. त्या दिवशी एक ग्रॅम जास्त नाही. मिलाग्रोस नर्सनं काटा हलवून पाहिला.

"काय ग, पाणी पिणं सोडलंस की काय?"

"भावाच्या ड्रायव्हिंगनं घाम फुटतो," झोराइडा म्हणाली.

आम्ही हसलो. परत येताना मी तिला पेरू घेऊन दिला. त्या आठवड्यात मी सुखी होतो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या सोमवारी ती एकावन्न किलो भरली. आधीची पंचावन्न. शुक्रवारी एकोणपन्नास. तेव्हाच गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे दबायला लागले. मागे कुणी नसताना मडगार्ड टायरला घासायचं. मी खाली शिरून घंटेच्या आवरणाची खिडकी उघडली. आत सदऱ्याचं एक बटण होतं. पांढरं, चार भोकांचं, भोकात दोरा. दोरा ओला होता.

बुधवारी झोराइडा म्हणाली, "मी मागे बसते."

"का?"

"पुढे ऊन लागतं."

ऊन मागून येत होतं. मी आरशात पाहिलं. ती डावीकडच्या दाराला चिकटून बसली होती, अंग चोरून, जशी शेजारी कुणी आडदांड माणूस बसल्यावर बाई बसते. उजवीकडची गादी खोल दबली होती. ती हळू आवाजात बोलत होती, मधे थांबत होती, मान हलवत होती.

"कुणाशी बोलतेस?"

"तू रस्त्याकडे बघ."

पुढच्या सोमवारी त्रेचाळीस. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "किडनीमुळे असं होत नाही. जेवते ना?" जेवत होती. दोन माणसांचं जेवत होती. आम्हाला रेशनवर महिन्याला मिळतो तो तांदूळ तिनं दहा दिवसांत संपवला होता.

तिला घरी सोडून मी तसाच उस्तादांकडे गेलो. ते बटण त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ओला दोरा बोटांत दाबून पाहिला.

"आत गेलं होतं ते बाहेर येतंय," ते म्हणाले. "चाक उलटं फिरतंय ना. पण वजन कुठून तरी आणावं लागतं, रेमी. हवेतून नाही येत. जवळ जो बसतो त्याचं घेतं."

"माझं का नाही घेत?"

"तुझ्याकडून काही घ्यावंसं वाटत नसेल त्याला."

मी बटण खिशात टाकलं. 

"काढून टाकू?"

"काढ. मग बुधवारी तिला खांद्यावर घेऊन जा."

"पलटवा, मग. छिद्रांखालपर्यंत तासा. पातळ तर पातळ."

"पलटवलं तर तो परत आत जाईल. समजतंय ना तुला काय सांगतोयस ते?"

समजत होतं. घरी येऊन मी झोराइडाला सगळं सांगितलं. लोखंड कुठलं, तेही. ती रागावली नाही.

"मला पहिल्याच दिवशी कळलं. त्याच्या मानेला तोच वास आहे. खांद्यापर्यंत आलाय, रेमी. अजून दोन आठवडे लागतील."

"दोन आठवड्यांनी तू कुठे असशील?"

"ते माझं मी बघीन."

"काय बघशील? मूठभर राहणार आहेस!"

"एकदा तू त्याच्यासाठी काही केलं नाहीस. आताही करू नकोस. नुसती गाडी चालव."

मंगळवारी ती झोपलेली असताना मी गिअरबॉक्स उतरवला. उस्तादांनी चाक पलटवून बाणाच्या बाजूनं तासलं. पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून ऐकलं मी ते. हत्यार छिद्रांवरून जाताना आवाज बदलत होता. उस्तादांनी लेथ दोनदा बंद केलं. दोन्ही वेळा मी पुन्हा चालू केलं.

बुधवारी ती मागे बसली. गावाबाहेर पडेपर्यंत काही नाही. मग उसाच्या पडीक शेतांपाशी उजवीकडची गादी वर यायला लागली. एकदम नाही. आधी मधोमध, मग कडेला. झोराइडानं दोन्ही हातांनी ती खाली दाबून धरली.

"थांबव," ती म्हणाली. "रेमी, गाडी थांबव. नुसती थांबव ना रे!"

पायाशी क्लच आणि ब्रेकची पेडलं होती. मी पाय तिथं नेला नाही. गाडीच्या तळाखालून कापड फाटल्यासारखा आवाज येत राहिला. पुलापर्यंत येत राहिला. मी घड्याळ पाहिलं नाही, किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. मागचे पाटे वर आले आणि गाडी हलकी झाली.

दोन आठवड्यांनी ती सत्तेचाळीस भरली. त्यातलं दोन किलो पाणी होतं. मिलाग्रोसनं टाळ्या वाजवल्या, म्हणाली, "बघ, आता कशी माणसात आलीस! भावाला मिठी मार."

झोराइडा काट्यावरून उतरली. चपला घातल्या. दोन आठवडे ती माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती, आणि आताही माझ्याकडे न बघता तिनं मिलाग्रोसला विचारलं, "घरी जायला दुसऱ्या कुणाची गाडी मिळेल का?"

मिलाग्रोसनं दारात जाऊन पाहिलं. आवारात एक घोडा होता, दोन सायकली होत्या आणि माझी प्लायमाउथ होती. मी जाऊन मागचं दार उघडून धरलं. तिनं ते बंद केलं, दुसऱ्या बाजूनं गेली आणि तिकडचं दार स्वतःच्या हातानं उघडून बसली.