व्हायोलेट मिस आणि संघप्रियाचं एम. ए.

व्हायोलेट मिसनी एम. ए.चा अर्ज भरला तो मुख्याध्यापिकेच्या सांगण्यावरून. भाईंदरच्या एका इंग्रजी शाळेत त्या कितीतरी वर्षं तिसरी-चौथीला शिकवत होत्या, आणि सुपरवायझर व्हायचं तर एम. ए. पाहिजे असं नव्वद साली ठरलं. संघप्रियाने मात्र अर्ज भरला तो कुणाला न सांगता. ती त्याच शाळेत मराठी शिकवायची. स्वतः मराठी माध्यमातली. स्टाफरूममध्ये सगळ्या इंग्रजीत बोलायला लागल्या की ती मान खाली घालून पेपर तपासायला घ्यायची. अशा मुलीने इंग्रजी भाषा आणि साहित्यात एम. ए. करायचं म्हटलं तर लोक हसतील, अशी तिला भीती होती.

पण विद्यापीठाची पाकिटं दोघींच्या नावाने एकाच दिवशी शाळेत आली, आणि शिपाई बबनने ती सगळ्यांदेखत वाटली.

"अगं, तू पण?" व्हायोलेट मिस म्हणाल्या. "मग एकटीएकटीने कशाला मरायचं? रविवारी माझ्याकडे ये. उत्तनला."

संघप्रिया पेणकरपाड्याहून भाईंदरला यायची आणि तिथून उत्तनची बस धरायची. मिसचं घर कोळीवाड्याला लागून. समोर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत असायचे, आणि मिसचे यजमान फ्रँक ओटीवर जाळं दुरुस्त करत बसलेले. "आली गं तुझी पार्टनर," ते आत हाक मारायचे.

अभ्यासक्रमाचे सरळ दोन भाग होते, भाषा आणि साहित्य. संघप्रियाला भाषेचे पेपर आवडायचे. उच्चारांच्या खुणा, वाक्यांची फोड, सगळ्याला नियम. एक वाक्य घ्यायचं, त्याचे तुकडे पाडून कागदावर उलट्या झाडासारखं काढायचं. चुकलं तर चुकलं, बरोबर तर बरोबर. कवितेला मात्र ती घाबरायची. मिसचं नेमकं उलटं. लहानपणापासून चर्चमधल्या प्रार्थना इंग्रजीत, वाचनालयातल्या कादंबऱ्या इंग्रजीत. त्या कविता वाचायला लागल्या की जाळ्यावरचा फ्रँकचा हात थांबायचा. पण झाडं दिसली की त्या वैतागायच्या. "बोलताना कोण झाडं काढतं गं?"

पहिले काही महिने नीट गेलेच नाहीत. मिस कविता वाचायच्या आणि संघप्रिया ओळीओळीला डिक्शनरी उघडायची. एका रविवारी मिसनी ती तिच्या हातातून काढूनच घेतली.

"तुला कविता म्हणजे शब्दकोडं वाटतं. आधी ऐक की जरा!"

संघप्रियाच्या मनात बरंच साचलं होतं. ती म्हणाली, "मिस, तुम्हाला बोलता येतं म्हणजे इंग्रजी येतं असं नाही. परवा साध्या वाक्यातला कर्ता तुम्हाला सापडला नव्हता."

मिसनी पुस्तक मिटलं. संघप्रिया चहा न घेताच उठली. पुढचे रविवार ती घरीच बसली. शाळेत दोघी एकमेकींना नुसतं गुड मॉर्निंग म्हणायच्या.

आणि एका रविवारी सकाळी पेणकरपाड्याच्या चाळीत व्हायोलेट मिस दारात उभ्या. हातात पिशवी, घामाघूम. संघप्रियाची आई केसरबाई गडबडली, शेजारून खुर्ची मागवायला निघाली. मिस तोवर चटईवर बसल्यासुद्धा. कोंडिराम, संघप्रियाचे वडील, टेलिफोन खात्यात लाईनमन होते. त्यांनी शर्ट चढवला आणि कौतुकाने कोपऱ्यात उभे राहिले.

"भांडण नंतर करू," मिस म्हणाल्या. "आधी हे बघ. मला सुटत नाहीये."

सराव प्रश्नपत्रिकेतली एक अनोळखी कविता होती. किनाऱ्यावर वाट बघणारी बाई, काळोख, परत येणाऱ्या होड्या. शेवटची ओळ अशी: शी सॉ हर मॅन विथ अ लॅम्प.

"सोपी तर आहे," संघप्रिया म्हणाली. "नवऱ्याच्या हातात दिवा आहे. तो तिला दिसला."

"मला पण तेच वाटलं. पण वाचताना तसं लागतच नाही गं. काहीतरी राहतंय."

संघप्रियाने पेन्सिल घेतली आणि सवयीने वाक्याचं झाड काढलं. दिवा 'मॅन'च्या फांदीला लागला. मग ती थांबली. शेजारी दुसरं झाड काढलं. ह्यात दिवा लागला 'सॉ'च्या फांदीला, म्हणजे बघण्याला.

"मिस, असंही होतंय. दिवा बाईकडे असू शकतो. दिव्याच्या उजेडात तिने त्याला बघितलं."

मिसनी कागद जवळ ओढला. "माझी आई उभी राहायची," त्या हळूच म्हणाल्या. "कंदील घेऊन. बाबांच्या होडीला किनारा दिसावा म्हणून. आणि बाबांकडे पण कंदील असायचा."

"पण मग बरोबर कुठलं?"

"दोन्ही ठेव."

"दोन्ही कसं ठेवणार? उत्तर एकच पाहिजे ना!"

"कुणी सांगितलं? तूच तर दोन झाडं काढलीस."

संघप्रियाने ती ओळ पुन्हा वाचली. मग मोठ्याने वाचली, मिसच्या देखत, उच्चारांची पर्वा न करता. अंगावर काटा आला. इंग्रजी वाचताना असं तिला पहिल्यांदाच झालं होतं. केसरबाई चहा घेऊन आली तेव्हा तिने विचारलं, "काय झालं गं? चेहरा का असा?"

"काही नाही, आई. कविता समजली."

त्यानंतर अभ्यास सुसाट निघाला. एक रविवार उत्तनला, एक पेणकरपाड्याला. मिसना झाडांचा असा नाद लागला की त्या वर्तमानपत्रातल्या मथळ्यांची झाडं काढायला लागल्या. संघप्रिया कविता म्हणत भाकऱ्या थापायची. स्टाफरूममध्येही ती आता बोलायची, चुकत, अडखळत. आणि कुणी हसलं तर मिस त्या हसणाऱ्या बाईकडे अशा बघायच्या, की तिचं हसू तिथेच विरायचं.

ब्याण्णव साली निकाल लागला. दोघींना सेकंड क्लास. गंमत अशी, की भाषाशास्त्रात मिसना जास्त मार्क पडले आणि कवितेच्या पेपरात संघप्रियाला. मिस सुपरवायझर झाल्या. संघप्रियाला वर्षभरात ज्युनियर कॉलेजात नोकरी मिळाली, इंग्रजीची.

त्या आनंदात फ्रँकनी संघप्रियाबरोबर कोंडिराम आणि केसरबाईलाही जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर कोंडिराम ओटीवर पान लावत बसले होते. त्यांनी अदबीने विचारलं, "मॅडम, आता पुढं काय शिकणार?"

"आता काय, ह्या वयात!" मिस हसल्या.

"न्हाय, न्हाय," फ्रँक आतून ओरडले, "तिचं शिकणं संपलंच न्हाय! पीएचडीची चौकशी करतेय. मला सांगत न्हाय, पण मला ठाव हाय."

मिसचा चेहरा लाल झाला. संघप्रिया त्यांच्याकडे वळली. "मिस? मला न सांगता?"

"सांगणार होते," मिस म्हणाल्या. "तू पण करणार असशील तरच मी अर्ज भरणार."

"एकटीने कशाला मरायचं?" संघप्रिया म्हणाली, आणि केसरबाईला काही कळायच्या आत दोघी हसत सुटल्या.