एका बरणीतला आठवडा

पृथ्वी वाचवण्याचा ठराव आमच्या घरात रविवारी संध्याकाळी एकमताने मंजूर झाला. मत एकच होतं, आमच्या नऊ वर्षांच्या कन्येचं. बाकीचे तिघे टीव्ही बघत होते.

शाळेने प्रत्येक मुलाच्या नावाची एक काचेची बरणी काढली होती. ओला कचरा कुंडीत जिरवायचा, आणि घरातला आठवडाभराचा सगळा सुका कचरा त्या बरणीत. पुढच्या सोमवारी बरणी वर्गात न्यायची. ज्याचा कचरा सगळ्यांत कमी, त्याच्याकडे वर्षभर वर्गातल्या झाडांची झारी. कन्येला ती झारी हवी होती. गेल्या वर्षी झारी ज्या मुलीकडे होती, तिने प्रेमाने पाणी घालून घालून दोन झाडं कुजवली होती, आणि कन्येने ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आठवडाभर घरात कुणी काही फाडायचं नाही," तिने जाहीर केलं.

"बिस्किटाचा पुडा?" मी विचारलं.

"फाडा ना. पण तो बरणीत जाणार. तुम्हीच ठरवा बाबा, बिस्किट की मी."

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता.

मंगळवारी मी साखरेसाठी घरचा डबा घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने आदराने डबा घेतला, त्यात साखर मोजून घातली, झाकण घट्ट लावलं आणि नेताना त्रास नको म्हणून डबा प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. मीही आभार मानून घरी आलो.

"डबा कशाला नेला होतास?" बायको म्हणाली. "हवा खायला?"

पिशवी परत करायला मला पुन्हा पिटाळण्यात आलं. दुकानदाराने ती उजेडात धरून बघितली. "फाटकी निघाली का?"

खरी अडचण मात्र आजोबांची होती. माझे वडील दिवसाला अकरा गोळ्या घेतात. गुरुवारपर्यंत बरणीचा तळ त्यांच्या रिकाम्या चंदेरी पाकिटांनी झाकून गेला.

"आजोबा, इतक्या गोळ्या घ्यायलाच हव्यात?"

"मला काय हौस आहे का गं? पण थांब, तुझ्यासाठी करतो काहीतरी."

शुक्रवारी बरणीत एकही पाकीट पडलं नाही. कन्या खूश. संध्याकाळी शेजारच्या काकू मूठभर चंदेरी पाकिटं घेऊन दारात उभ्या राहिल्या. "आमच्या घरात गुडघा कुणाचाच दुखत नाही," त्या म्हणाल्या, "मग ही आमच्या कचऱ्याच्या डब्यात कशी?"

"आजोबा!"

"अगं, त्यांचा डबा अर्धा रिकामाच असतो."

"म्हणून आपला कचरा कमी झाला? तो आहे तेवढाच आहे. फक्त त्याचा पत्ता बदललाय."

आजोबा पोस्टातून निवृत्त झालेले. पत्ता बदलल्याने टपाल नाहीसं होत नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. कन्येने काकूंकडून पाकिटं घेतली आणि तोंड पाडून, पण एकेक मोजून, बरणीत टाकली.

ते तोंड आजोबांना बघवेना. शनिवारी सकाळी ते घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांकडे गेले. सोबतीला मी.

"डॉक्टर, यातल्या कमीत कमी वेष्टनाच्या कुठल्या?"

इतक्या वर्षांत डॉक्टरांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. त्यांनी चष्मा लावला आणि टेबलावर सगळा बाजार मांडला.

"अहो, या दोन्ही एकच आहेत. कंपन्या वेगळ्या. दोन्ही घेताय?"

"आलटून पालटून नाही, दोन्ही."

"आणि ही गुडघ्याची तर पंधरा दिवसांपुरती दिली होती मी. किती दिवस झाले?"

"चार वर्षं."

"गुडघा कसा आहे?"

"एकदम झकास."

अकराच्या सहा झाल्या. आजोबा सामना जिंकल्यासारखे घरात शिरले. "पाच गोळ्या बाद!" कन्येने त्यांना मिठी मारली. गेली चार वर्षं मी त्यांना डॉक्टरांकडे चला म्हणत होतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी रात्री बरणी अर्धी भरलेली होती. "दाबून बसवू का जरा?" असं मी सुचवून पाहिलं, आणि माझ्याकडे असं बघितलं गेलं की मी विषय बदलला. सोमवारी कन्या बरणी दोन्ही हातांत धरून शाळेत गेली. परत आली तेव्हा आम्ही तिघे दारातच होतो.

"काय झालं?"

"दुसरा नंबर."

"चाळीस मुलांत दुसरा!" आजोबांनी टाळ्या वाजवल्या. "आणि तोही खरा! पहिला कोण गं?"

पहिला नंबर खिडकीजवळच्या बाकावरच्या मुलाचा होता. तो आठवडाभर मामाकडे गेला होता, आणि त्याची बरणी वर्गातल्या कपाटातच राहिली होती.