माना कॅम्पची सुरबाला

अनुश्रीने मोबाइलवर फोटो उघडला तेव्हा वनमालाबाई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या.

“मावशी, हे पाह्य बरं. माना कॅम्पचा हाय, चौसष्ट सालचा. तिथल्या एका म्हाताऱ्यानं जपून ठेवला होता.”

अनुश्री त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. कॉलेजात इतिहास शिकवायची. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या आठवणी गोळा करायचं काम तिने वर्षभरापासून हाती घेतलं होतं. आगगाड्या भरभरून माणसं रायपूरला उतरली, शहराबाहेर मानाच्या माळावर तंबूंत राहिली, आणि शहर ते सगळं विसरूनही गेलं, असं ती येता-जाता सांगायची. वनमालाबाई ऐकून घ्यायच्या. बोलायच्या काहीच नाहीत.

फोटोत तंबूसमोर बायकांची रांग होती. एक नर्स लहान पोराच्या दंडावर लस टोचत होती, आणि त्या पोराला कडेवर घेतलेली सडपातळ मुलगी कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

वनमालाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“ही नर्स मी हाय,” त्या म्हणाल्या. “आन् ही सुरबाला.”

अनुश्री बघतच राहिली. “सालभर मी तुझ्यासमोर मानाचं बोलून राहिली, अन् तू एक शब्द नाही काढला? काहून?”

“तू कॅम्पचं विचारे. मले कॅम्प कुठं आठवते? मले तेवढी तीच आठवते.”

मग त्या हळूहळू बोलत्या झाल्या. नोकरी नवी होती, वय एकवीस. कॅम्पात देवीची लस टोचायला पाठवलं होतं, पण बायका तंबूच्या बाहेर येईनात. सुई दिसली की पोरांना पदराखाली लपवायच्या. वनमालाबाईंना बंगाली येत नव्हती आणि त्या बायकांना हिंदी. चार दिवस असेच फुकट गेले. पाचव्या दिवशी एकोणीस वर्षांची एक मुलगी पुढे आली. पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्याची, चार बुकं शिकलेली, मोडकीतोडकी हिंदी बोलणारी. तिने सगळ्यांच्या देखत आधी स्वतःच्या दंडावर लस टोचून घेतली, आणि मग एकेका तंबूत शिरून बायकांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यानंतर दीड वर्ष ती रोज सकाळी सातला हजर असायची. कुणी तिला नेमलं नव्हतं. कुठल्याही कागदावर तिचं नाव नव्हतं. दुपारी मोहाच्या झाडाखाली दोघी डबा खायच्या. ती वनमालाला ‘बोनोमाला’ म्हणायची, आणि कितीही सांगितलं तरी सुधारायची नाही.

“मग भावाचं लग्न निघालं. वर्ध्याले गेली मी, आठ दिवस. वापस आली तर तिच्या तंबूची लाइनच्या लाइन खाली. जमिनीत नुसती खुंट्यांची भोकं. ट्रक लागले होते म्हणे, दंडकारण्यात वसवाले नेलं सगळ्यायले.”

त्यांनी तीन पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर आलं नाही. पुढे अठ्ठ्याहत्तरमध्ये तिकडची हजारो माणसं बंगालला परत निघाली, आणि त्यांचे फार हाल झाले, हे त्यांच्या कानावर आलं. सुरबालाही त्यांतच गेली असणार, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं. मानाला त्या पुन्हा गेल्या नाहीत. कधी कुणाला विमानतळावर सोडायचं असलं, की वाटेत मानाचं वळण आल्यावर त्या गाडीच्या दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायच्या.

रविवारी अनुश्री त्यांना घेऊन मानाला गेली. फोटोवाल्या म्हाताऱ्याने पत्ता दिला होता : हिरालाल मंडल, मासळीबाजाराच्या मागे. सुरबालाचा मुलगा. अनुश्रीने फोनवर जास्त काही विचारलं नव्हतं, आणि वनमालाबाईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती.

दारात पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. त्याने नाव ऐकलं आणि लगेच वाकून पाया पडला.

“बोनोमाला सिस्टर! माँ तो चली गईं, मौसी. तीन साल हो गए.”

“कुठं?” वनमालाबाईंनी मराठीतच विचारलं.

“यहीं. इसी घर में. उनासी में बंगाल से लौटे थे हम लोग, तब से यहीं थीं.”

वनमालाबाई पायरीवरच बसल्या. एकोणऐंशीपासून. रायपुरातल्या तात्यापाऱ्यातल्या घरून इथवर यायला आज त्यांना अर्धा-पाऊण तास लागला होता.

“आपको ढूँढा था माँ ने,” हिरालाल सांगत होता. “दो बार अस्पताल गईं. बोले, उनकी तो बदली हो गई.”

खरंच होतं. त्या वर्षांत त्या दुर्गला होत्या. चौऱ्याऐंशीत रायपूरला परत आल्या, पण तोवर सुरबालाने विचारणं सोडून दिलं असावं. दोष कुणाला द्यावा असं त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच ते सोसायला जास्त जड होतं.

तेवढ्यात आत पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. हिरालालची सून धावली, बाळाला उचलून खांद्यावर घेतलं आणि थोपटत म्हणू लागली, “उगी, उगी... उगी, उगी...”

वनमालाबाईंनी चमकून मान वर केली.

“ते काय म्हणून राहिली ती?”

हिरालाल हसला. “ये हमारे खुलना की बोली है, मौसी. माँ उधर से लाई थीं. अब तो पूरे मोहल्ले में बच्चे इसी से चुप होते हैं.”

कॅम्पात लस टोचल्यावर पोरं किंचाळायची, आणि दिवसभर वनमालाबाईंच्या तोंडात तेवढा एकच शब्द असायचा. सुरबालाने एकदा त्याचा अर्थ विचारला होता. अर्थ काही नाही, रडणाऱ्याला म्हणायचं असतं, असं त्यांनी सांगितलं होतं. तेव्हापासून पोरांना कडेवर घेऊन तीही म्हणू लागली होती.

अनुश्रीने बोलायला तोंड उघडलं. वनमालाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

परतताना गाडीत अनुश्रीला राहवेना. “सांगितलं काहून नाही त्याले? शब्द आपला हाय, मावशी! असंच तर शोधून राहिली मी सालभर.”

“काय सांगू? घर गेलं, गाव गेलं त्याह्यचं. येताना एक बोचकं आणलं असंल तिनं. त्या पोराजवळ तिकडचा म्हणून एक शब्द उरला, तो बी मी वापस मागू?”



नंतर तीन दुपारी बसून वनमालाबाईंनी सगळं रेकॉर्ड करू दिलं. अट एकच होती, फोटोखाली पहिलं नाव सुरबालाचं यावं. लस मी टोचली, पण माणसं तिनं आणली, असं त्या म्हणाल्या. त्या एका शब्दाबद्दल मात्र रेकॉर्डिंगमध्ये त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि अनुश्रीनेही विचारलं नाही.

फाल्गुनात हिरालालचा फोन आला. नातवाला पहिला भात भरवायचा होता, मौसींनी यायलाच हवं होतं. अनुश्रीची परीक्षेची ड्यूटी होती, म्हणून वनमालाबाई चांदीची वाटी घेऊन एकट्याच ऑटोने गेल्या. अंगणात आंब्याखाली एक वेताची खुर्ची होती. दादी दुपारभर इथेच बसायची, म्हणत सुनेने ती पुसून पुढे केली.

वनमालाबाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बसल्या मात्र शेजारच्या ओट्यावर. समोरून मासळीबाजाराकडे जाणारा रस्ता दिसत होता, शाळेतून घरी येणारी मुलं दिसत होती. सुरबालाने चाळीस वर्षं हेच पाहिलं असणार. घरातल्या बायका बंगालीत गप्पा मारत होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाजाचा तो हेल त्यांच्या ओळखीचा होता. परत न्यायला थांबलेल्या ऑटोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. हिरालाल निघायचं का विचारायला आला, तेव्हा त्या म्हणाल्या, “राहू दे. अजून थोडा वेळ बसते मी.”